गल्ल्यावरून उठून पुन्हा चित्राकडे

दुकान आता मुलगा बघतो. कराचे कागद सीएकडे असतात. शाळेत असताना पास झालेल्या चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांची प्रमाणपत्रं मात्र कपाटात अजून जपून ठेवलेली आहेत. पुण्याच्या बोहरी आळीत, रविवार पेठेत, तुळशीबागेत अशी पुष्कळ माणसं आहेत. तीस-चाळीस वर्षं त्यांनी व्यवसाय सांभाळला, घर उभं केलं आणि आता हातात पेन्सिल घ्यावी असं त्यांना मनापासून वाटतं. पण लगेच मनात येतं की आपण काही जे. जे. कलाशाळेत गेलो नाही, हात आखडला आहे, या वयात कोण शिकवणार आणि लोक काय म्हणतील.

हा लेख त्यांच्यासाठी आहे. तुमची व्यवसायातली वर्षं चित्राच्या दृष्टीने वाया गेलेली नाहीत. माल पारखताना, गिऱ्हाईक ओळखताना तुमची नजर रोज कामाला लागलेली होती. आता तीच नजर हातापर्यंत आणायची आहे. त्यासाठी चित्राला धंद्याची शिस्त द्या, धंद्याची घाई देऊ नका. पुढे सांगितलेलं सगळं या एका गोष्टीभोवती आहे. सरावाची जागा म्हणून मी मंडई सुचवतो. मध्यवस्तीतल्या माणसाला ती चालत गाठता येते. लांब राहणाऱ्यांसाठी सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रोचं मंडई स्थानक सुरू झालं आहे, त्यामुळे गाडी कुठे लावायची ही काळजीही उरलेली नाही.

आधी काही माणसं पाहू

चित्रकार सुधीर पटवर्धन यांचा जन्म १९४९ साली पुण्यात झाला. इथल्याच आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजमधून ते १९७२ मध्ये डॉक्टर झाले आणि पुढच्या वर्षी मुंबईला गेले. चित्रकलेची पदवी त्यांच्याकडे नाही, ते स्वतःच शिकले. १९७५ ते २००५ अशी तीस वर्षं त्यांनी ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून व्यवसाय केला आणि त्याच काळात ‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७), ‘ओव्हरब्रिज’ (१९८१), ‘लोअर परळ’ (२००१) यांसारखी चित्रं रंगवली. २००५ मध्ये दवाखान्याचं काम थांबवून ते पूर्णवेळ चित्रकार झाले. २०१९ मध्ये मुंबईच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं.

या वाटचालीतून आपल्याला तीन गोष्टी घेता येतात. व्यवसाय चालू असतानाही हात चालू ठेवता येतो, ही पहिली. दुसरी विषयाची. लोकलमधली गर्दी, पुलावरून जाणारे कामगार, ठाण्याच्या परिसरातल्या वाढत्या वस्त्या हे सगळं त्यांच्या रोजच्या येण्या-जाण्यातलं होतं. त्यासाठी त्यांना काश्मीर किंवा पॅरिस गाठावं लागलं नाही. तिसरी गोष्ट सोबतीची. ‘प्लेस फॉर पीपल’ या १९८१ च्या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांच्याबरोबर भूपेन खक्कर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी आणि जोगेन चौधरी होते. त्यातले भूपेन खक्करही चित्रकला स्वतःच शिकलेले. ते चार्टर्ड अकाउंटंट होते आणि कित्येक वर्षं त्यांनी हिशेबाची नोकरी सांभाळून बडोद्यात चित्रं काढली. तेव्हा स्वतःच शिकणं याचा अर्थ एकट्याने शिकणं असा लावू नका. हे दोघे चित्रकला शिकायला कलाशाळेत गेले नसतील, पण चित्रं बघत होते, वाचत होते, चित्रकारांशी वाद घालत होते.

इंग्लंडमधला चित्रकार एल. एस. लाउरी मँचेस्टरमध्ये घरभाडं गोळा करणाऱ्या कंपनीत नोकरीला होता. १९५२ मध्ये वयाच्या पासष्टाव्या वर्षी निवृत्त होईपर्यंत त्याने ते काम केलं. भाड्यासाठी ज्या गल्ल्यांतून तो फिरला, त्याच गल्ल्या आणि गिरण्या त्याच्या चित्रांत आल्या. याच्या उलट पॉल गोगँचं उदाहरण आहे. तो पॅरिसच्या शेअरबाजारात होता. १८८२ च्या मंदीनंतर त्याने तो व्यवसाय सोडला आणि चित्रांवर पोट भरायचं ठरवलं. चित्रकार म्हणून तो अजरामर झाला, पण बायको-मुलांची त्यात परवड झाली. म्हणून तुमचं घर आज ज्या उत्पन्नावर चालतं ते चालू राहू द्या आणि चित्राच्या खर्चासाठी वेगळी रक्कम ठरवून ठेवा. घरखर्चाचा भार डोक्यावर असला की हात मोकळा चालत नाही.

व्यवसायातून काय आणायचं, काय नाही

व्यापारी माणसाकडे काही सवयी तयार असतात. ठरल्या वेळी दुकान उघडायचं, गिऱ्हाईक आलं नाही तरी बसून राहायचं, रोजचा हिशेब रोज मिटवायचा. या तिन्ही सवयी चित्रात लागतात. रोज पाऊण तास ठरवा आणि तो दिवसाच्या एकाच वेळी ठेवा. स्केचबुक हा तुमचा रोजमेळ समजा. प्रत्येक पानावर तारीख, जागा आणि किती वेळ लागला ते लिहा. वाईट झालेलं पान फाडू नका. सहा महिन्यांनी ते पान शेजारी ठेवून पाहाल, तेव्हा हात कुठे सुधारला ते तुम्हाला स्वतःलाच दिसेल.

काही सवयी मात्र बाजूला ठेवाव्या लागतात. पैसा घातला की परतावा दिसला पाहिजे, ही त्यातली मोठी. पहिल्या वर्षी चित्र विकायचं नाही, भेट द्यायचं नाही, दिवाणखान्यात लावायचंही नाही असं ठरवून टाका. दुसरी सवय महाग वस्तू घेऊन प्रश्न सोडवण्याची. अनेक जण पहिल्याच दिवशी तैलरंगांचा मोठा संच, उंची ईझल आणि पाच कॅनव्हास घेऊन येतात आणि मग कोरा कॅनव्हास बिघडेल या भीतीने महिनाभर हातच लावत नाहीत. तिसरी सवय कामं वाटून देण्याची. दुकानात ती उपयोगी होती. चित्रात मात्र रेघ तुमची तुम्हालाच ओढावी लागते, फोटो प्रोजेक्टरने कागदावर पाडून गिरवलात तर शिकणं तिथेच थांबतं.

सरावासाठी मंडई का

मंडईची इमारत १८८६ मध्ये उघडली. तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणत. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या मैदानात भरत असे. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला तरी किरकोळ विक्री इथे चालूच आहे. आतल्या गाळ्यांवर आणि बाहेरच्या पथाऱ्यांवर एका फेरीत चित्रकाराला लागणारा सगळा अभ्यासक्रम भेटतो. इमारतीत भूमिती आहे, भाजीत आकार आणि रंग आहेत, हमाल आणि विक्रेत्यांत शरीराच्या हालचाली आहेत. उंच छपराखालचा अंधार आणि दारातून आत येणारं ऊन आहे.

इमारत काढताना बहुतेक जण मधल्या अष्टकोनी मनोऱ्यात अडतात. त्यासाठी एक गणित लक्षात ठेवा. अष्टकोनाची एक बाजू थेट तुमच्यासमोर असेल तर एकूण तीन बाजू दिसतात आणि त्यांच्या रुंदीचं प्रमाण साधारण ३ : ४ : ३ असतं. अष्टकोनाचा कोपरा तुमच्यासमोर असेल तर चार बाजू दिसतात आणि प्रमाण ३ : ७ : ७ : ३ असं होतं. आधी पूर्ण रुंदीची एक हलकी रेघ ओढा, ती या प्रमाणात विभागा आणि मग उभ्या रेषा चढवा. खिडक्या, कमानी, दगडांचे सांधे सगळ्यात शेवटी. मनोऱ्याची उंची रुंदीच्या किती पट आहे ते हात सरळ ताणून, एक डोळा मिटून पेन्सिलीने मोजा. कोपर वाकलं की माप बदलतं, म्हणून हात ताठच हवा.

आत शिरल्यावर मनोऱ्यापासून निघणाऱ्या एखाद्या भुजेच्या मधोमध उभे राहा. गाळ्यांच्या, छपराच्या, फरशीच्या कडा दूर एका बिंदूकडे धावताना दिसतील. तो बिंदू नेहमी तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असतो. आता खाली स्टुलावर बसा. तोच बिंदू खाली येईल आणि ओट्यावर बसलेला विक्रेता एकदम मोठा, भारदस्त दिसू लागेल. उभं राहून एक आणि बसून एक अशी एकाच जागेची दोन चित्रं काढलीत, तर यथार्थदर्शनाचं अर्धं पुस्तक तिथेच वाचून होईल.

वेळ सकाळची बरी. माल लावला जात असतो, गिऱ्हाइकांची रेटारेटी सुरू झालेली नसते आणि ऊन तिरपं असल्यामुळे सावल्या लांब पडतात. रविवार, सणांचे आदले दिवस आणि गणपतीचे दिवस टाळा. त्या गर्दीत थांबणं तुम्हालाही जमत नाही आणि विक्रेत्यांनाही अडचण होते.

पहिल्या वर्षाचा क्रम

पहिले तीन महिने फक्त पेन्सिल. आठवड्याला मंडईतून एक भाजी घरी आणा आणि शिजवण्याआधी चार दिवस तीच काढा. वांगं, लाल भोपळ्याची फोड, लसणाचा गड्डा, सुरण, मेथीची जुडी, असा सोप्यापासून अवघडाकडे क्रम ठेवा. पहिल्या दिवशी कागदाकडे न बघता, नजर वस्तूच्या कडेवरून हळूहळू फिरवत एकसंध रेघ काढा. चित्र वेडंवाकडं येईल आणि ते तसंच यायला हवं. या सरावाने डोळा घाई करायचं सोडतो. दुसऱ्या दिवशी बाह्याकार आणि प्रमाण बघा. तिसऱ्या दिवशी फक्त सावल्या भरा. चौथ्या दिवशी वस्तू आत ठेवून द्या आणि आठवणीने काढा. काय विसरलात ते पाहिलंत की काय नीट पाहिलं नव्हतं ते कळेल.

पुढचे तीन महिने छायाप्रकाशाचे. कोरा पांढरा, फिका राखाडी, मध्यम, गडद आणि काळा अशा पाच छटांची पट्टी करून स्केचबुकच्या पहिल्या पानावर चिकटवा. मंडईत उभं राहून डोळे किलकिले करा. बारकावे पुसट होतात आणि उजेड-अंधाराचे मोठे तुकडे उरतात. तेच तुकडे पोस्टकार्डापेक्षा लहान चौकटीत पाच छटांत बसवा. अशी लहान कच्ची चित्रं एका बैठकीत चार-पाच होतात. त्यातलं एखादंच पुढे मोठ्या चित्राच्या उपयोगी पडतं, ते पुरेसं आहे.

हातगाडी काढताना चाकाऐवजी आऱ्यांमधल्या मोकळ्या जागा काढून पाहा. पाट्यांच्या राशीत पाट्यांमधल्या फटी काढा. माहीत असलेली वस्तू आपण आठवणीतून काढतो आणि फसतो. रिकाम्या जागेचा आकार कोणालाच पाठ नसतो, म्हणून तो बघूनच काढावा लागतो.

सहा महिन्यांनी रंग घ्या आणि तेही तीनच. एक पिवळा, एक लाल, एक निळा. या तिघांतून मंडईतला बहुतेक माल निघतो. मग बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन निळा घ्या. हे दोन मिसळले की काळ्या ट्यूबपेक्षा जिवंत राखाडी मिळतो आणि मंडईच्या काळ्या दगडासाठी तोच लागतो. सिएना जास्त घातला तर उन्हातला दगड, निळा वाढवला तर सावलीतला. वांग्यासाठी अल्ट्रामरीन आणि किरमिजी, त्यात सिएनाचा किंचित स्पर्श, आणि चमकेच्या जागी कागद कोराच ठेवा. पालेभाजीचा हिरवा ट्यूबमधून सरळ लावला तर तो प्लास्टिकसारखा दिसतो. निळ्या-पिवळ्याच्या मिश्रणात थेंबभर लाल गेला की चाकवत, माठ, शेपू यांचे वेगवेगळे हिरवे सापडू लागतात. बाहेर ताडपत्रीखाली मांडलेल्या मालाकडेही नीट बघा. ताडपत्रीचा निळा रंग टोमॅटोवर आणि विक्रेत्याच्या गालावरही उतरलेला असतो. जे दिसतं ते लावायचं, जे माहीत आहे ते नाही, हा धडा तिथे फार लवकर मिळतो.

शेवटच्या तीन महिन्यांत एक विषय निवडून त्यावर दहा-बारा चित्रांची मालिका करा. विषय तुमच्या आयुष्यातला असू द्या. हार्डवेअरचं दुकान चालवलं असेल तर कड्या, कुलपं, साखळ्या, खिळ्यांचे खोके तुम्हाला हाताच्या स्पर्शाने माहीत आहेत. कापडवाला असाल तर ताग्याला पडणारी घडी तुमच्याइतकी कोणी पाहिलेली नसते. बुरूड आळीतल्या माणसाला बांबूची वीण शिकवावी लागत नाही. कला महाविद्यालयातल्या मुलाकडे हे नाही, तुमच्याकडे आहे.

साहित्य : थोडं आणि बरं

सुरुवातीला २बी, ४बी आणि ६बी पेन्सिली, एक खोडरबर, हातात मावेल असं जाड कागदाचं स्केचबुक आणि पाठीमागे धरायला एक पुठ्ठा एवढं पुरे. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास हे सगळं मिळतं. आपल्यापैकी बहुतेकांनी पहिला रंग कॅमलचाच वापरला असेल. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी शाईपासून सुरू केलेल्या मराठी उद्योगाचं ते नाव. विद्यार्थ्यांसाठीचे रंग सरावाला उत्तम आहेत. चित्र टिकवायचं ठरेल तेव्हा कलाकारांसाठीची प्रत घ्या आणि ट्यूबवर प्रकाशात रंग किती टिकतो याची खूण पाहून घ्या. काही गुलाबी-किरमिजी रंग भिंतीवर काही वर्षांत उडतात.

जलरंगात पैसे वाचवायचे तर रंगात वाचवा, कागदात नको. पातळ कागद पाण्याने फुगतो, रंग चिखल होतो आणि माणसाला वाटतं की आपल्यालाच जमत नाही. तीनशे जीएसएमचा कागद घ्या आणि मोठा ताव कापून लहान तुकडे करा. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला कागदही वापरून पाहा. मात्र हातकागदाचे प्रकार अनेक असतात, काही कागद पाणी पटकन शोषतात. आधी कोपऱ्यात एक पट्टा ओढून पाहा आणि मगच चित्राला घ्या.

तैलरंगांकडे दुसऱ्या वर्षी वळा. त्यात तीन नियम पाळा. खालच्या थरात तेल कमी आणि वरच्या थरात जास्त, नाहीतर वरचा थर पुढे तडकतो. टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी हवी. अळशीचं तेल लागलेल्या चिंध्या बोळा करून डब्यात कोंबू नका, सुकताना त्या तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. घर लहान असेल आणि वास चालणार नसेल तर ॲक्रिलिक सोयीचं पडतं. कुठलाही रंग असो, ब्रशला टोक आणायला तो ओठात धरायची सवय आजच सोडा. कॅडमियमसारखे रंग विषारी असतात.

पुण्याच्या पावसाळ्यात कागदाला बुरशी लागते. चित्रं आडवी, कोरड्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. फ्रेम भिंतीला चिकटवू नका. मागे बुचाचे तुकडे लावले की हवा खेळती राहते.

डोळे, पाठ आणि कोपरा

पन्नाशीनंतर सुरुवात करणाऱ्याने आधी डोळे तपासून घ्यावेत. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात हातभर अंतराचा स्पष्ट पट्टा अरुंद असतो, त्यामुळे कागदाकडे बघताना मान सतत वर-खाली होते आणि दुखते. फक्त ईझलच्या अंतरासाठी एक साधा चष्मा करून घ्या. मोतीबिंदू असेल तर निळे रंग मळकट आणि पांढरे पिवळसर दिसू लागतात. क्लोद मोनेच्या उतारवयातल्या चित्रांवर मोतीबिंदूचा परिणाम दिसतो आणि १९२३ मध्ये त्याने शस्त्रक्रिया करून घेतली. रंग अचानक काळवंडलेले वाटू लागले तर स्वतःला दोष देण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

रंग ओळखण्यातच उणीव असेल तरी दार बंद होत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर जे. जे.मध्ये चित्रकला शिकायला गेले होते. रंगांधळेपणामुळे त्यांना रंगकाम सोडावं लागलं, पण रेखाटन त्यांनी सोडलं नाही. यंत्रांची रेखाचित्रं काढायला ते शिकले, शिकवूही लागले आणि त्यातूनच पुढे ते उद्योगाकडे वळले. कोळसा, शाई आणि पेन्सिल यांना रंगाची गरज पडत नाही.

बसण्यासाठी घरात एक कोपरा कायमचा ठरवा. तीन फूट बाय दोन फुटांचं टेबल पुरतं, पण ते दर वेळी आवरावं लागता कामा नये. मांडामांडीतच अर्धा तास गेला की माणूस कंटाळतो. उत्तरेकडची खिडकी मिळाली तर दिवसभर उजेड फारसा बदलत नाही. दर वीस मिनिटांनी उठा आणि चार पावलं मागे जाऊन चित्र बघा. पाठीला बरं वाटतं आणि जवळून न दिसणाऱ्या चुकाही दिसतात.

माणसं काढताना

मंडईतली माणसं कामावर असतात, हे विसरू नका. सरळ जवळ जाऊन विचारा, “मावशी, तुमचं काम चालू राहू द्या, मी इथे बाजूला बसून पाच मिनिटं चित्र काढू का?” नकार आला तर हसून पुढे जा. होकार आला तर गिऱ्हाइकाच्या वाटेत उभे राहू नका, आणि निघताना चित्र दाखवा. पुढच्या खेपेला त्याची एक प्रत नेऊन दिलीत तर तुमची जागा तिथे पक्की होते. आपण रोज जिथे भाजी घेतो तिथूनच सुरुवात केली तर संकोच निम्मा होतो.

चेहऱ्याच्या मागे लागू नका. तागडी उचललेला खांदा, पाटी डोक्यावर घेताना ताणलेली मान, जुडी बांधणारी बोटं यांना एक-दोन मिनिटंच मिळतात. आधी मणक्याची वळणरेषा, मग खांदा आणि कमरेचा कल, मग हात. एकच हालचाल पुन्हा पुन्हा होत असते. माणूस हलला तर शेजारी दुसरं चित्र सुरू करा, तो परत त्या स्थितीत आला की पहिलं पुढे न्या.

शिक्षक, सोबत आणि पाहणं

घरच्यांचं कौतुक आनंद देतं, पण शिकवत नाही. मोबाइलवरच्या शाबासकीचंही तेच. कामाचं बोलणारा एक माणूस शोधा, मग तो वयाने तुमच्या मुलाएवढा असला तरी चालेल. टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयाची परंपरा पुण्यात मोठी आहे. तिथून बाहेर पडलेले अनेक चित्रकार खासगी वर्ग घेतात. वर्ग निवडताना शिक्षकाची चित्रं बघण्याऐवजी त्याच्या विद्यार्थ्यांची बघा. सगळ्यांची चित्रं शिक्षकासारखीच दिसत असतील तर तिथे जाऊ नका. रविवारी एकत्र जमून रस्त्यावर चित्रं काढणारे गटही शहरात आहेत. चारचौघांत बसून काढण्याची भीड तिथे लवकर मोडते.

महिन्यातून एकदा अस्सल काम बघायला जा. मंडईपासून चालत जाण्याच्या अंतरावर राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकर यांचा व्यवसाय चष्म्यांचा होता आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविताही लिहीत. दुकान सांभाळून त्यांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, भांडी, दरवाजे गोळा केले आणि तो संग्रह शासनाला दिला. एका व्यावसायिकाची नजर काय उभं करू शकते हे तिथे दिसतं. तिथला एकच दिवा अर्धा तास नीट बघा आणि घरी येऊन आठवणीने काढा. वर्षातून एकदा साताऱ्याजवळ औंधला जा. चित्रकार-राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी उभारलेल्या तिथल्या संग्रहालयात राजा रविवर्मा आणि मराठी चित्रकारांची मूळ चित्रं आहेत. छापील पुस्तकात रंगाचा थर, ब्रशचा वेग आणि चित्राचा आकार कळत नाही, तो मूळ चित्रासमोर उभं राहूनच कळतो.

प्रदर्शन, किंमत आणि हक्क

दुसऱ्या वर्षाअखेर दाखवावंसं वाटलं तर आधी समूह प्रदर्शनात भाग घ्या. बालगंधर्व रंगमंदिरातलं कलादालन आणि घोले रस्त्यावरचं राजा रविवर्मा कलादालन या महापालिकेच्या जागा पुणेकरांच्या ओळखीच्या आहेत. तारखा बऱ्याच आधी ठरवाव्या लागतात. मुंबईत १८८८ पासूनची बॉम्बे आर्ट सोसायटी आणि १९१८ पासूनची आर्ट सोसायटी ऑफ इंडिया वार्षिक प्रदर्शनं भरवतात. प्रवेशिकेच्या अटी वाचा आणि पाठवून बघा. निवड झाली नाही तर त्याच आठवड्यात पुढचं चित्र सुरू करा.

किंमत ठरवताना तुमचा जुना अनुभव कामी येतो. चित्राच्या आकारावर एक दर बांधा आणि तो सगळ्यांना सारखाच लावा. ओळखीच्याला अर्ध्या किमतीत दिलंत तर पूर्ण किमतीत घेणाऱ्याची फसवणूक होते. गॅलरी विक्रीतला मोठा हिस्सा घेते, तो आधी लेखी ठरवा. प्रत्येक चित्राला क्रमांक द्या, फोटो काढा, कोणाकडे गेलं ते लिहून ठेवा. करासंबंधी सीएला विचारा.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र विकलं तरी त्याच्या प्रती काढण्याचा हक्क चित्रकाराकडेच राहतो आणि तो त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. कोणी मोबदला देऊन सांगून चित्र काढून घेतलं असेल आणि वेगळा करार नसेल तर मात्र हा हक्क सांगणाऱ्याकडे जातो. त्यामुळे व्यक्तिचित्राची मागणी घेताना दोन ओळींचा करार करा. इंटरनेटवरचा फोटो बघून काढलेलं चित्र सरावापुरतं ठेवा, तो फोटो दुसऱ्या कोणाच्या तरी मालकीचा असतो.

वर्ष पूर्ण झालं की सगळी स्केचबुकं जमिनीवर तारखेच्या क्रमाने मांडा आणि घरातल्या कोणालाही न विचारता स्वतः निवडा. कुठली पानं तुम्ही पाहून काढली आणि कुठली सवयीने, ते तुम्हाला लगेच कळेल. पाहून काढलेली पानं वेगळी करा. त्यांत एखादा विषय पुन्हा पुन्हा आलेला असेल, मग ती ओझ्याखालची पाठ असो, तराजू असो की संध्याकाळी उरलेला माल. दुसरं वर्ष त्या विषयाला द्या. इतकी वर्षं गिऱ्हाइकाला काय हवं ते ओळखण्यात गेली. तुम्हाला स्वतःला काय बघायचं आहे, हे ओळखण्याची मुभा आता तुमच्याकडे आहे. ती पुढच्या वर्षावर ढकलू नका. या आठवड्यात भाजी आणायला जाल तेव्हा पिशवीत स्केचबुक आणि एक ४बी पेन्सिल टाका.